मोठ्या जुन्या स्पीकरसाठी पाच जणांत एक पेटी: कशी बांधायची, कशी फिरवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे, नाशिक, हैदराबाद, बेंगळुरू आणि कोलकाता इथे राहणाऱ्या पाच मित्रांकडे १९६०-७० च्या काळातले मोठे स्पीकर आहेत. बहुतेक जेबीएल एल-१०० आणि एआर-३ए, आणि एकाकडे क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक. विक्री, अदलाबदल किंवा दुरुस्तीच्या निमित्ताने या जोड्या एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. दर वेळी सुताराकडून नवी पेटी करून घ्यायची आणि पोचली की ती फोडून टाकायची, असं चाललंय. त्याऐवजी एकच दणकट पेटी करून ती सगळ्यांनी वापरली तर? माप काय ठेवायचं, रिकामी पेटी परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि वाटेत काही मोडलं तर जबाबदार कोण?

करा, जरूर करा. पण एक गोष्ट पहिल्यांदा ठरवून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहतं: पेटी सामायिक ठेवा, आतली फोमची बैठक मात्र ज्याच्या त्याच्या स्पीकरची. स्पीकर वाचवते ती बैठक. पेटी फक्त त्या बैठकीला जागेवर धरून ठेवते आणि बाहेरचा मार खाते. सामायिक पेटीचे बेत बिघडतात ते बहुधा एकाच कारणाने. सगळ्यांना चालेल अशी मोघम मोठी पेटी केली जाते आणि उरलेल्या जागेत चिंध्या, वर्तमानपत्रं, उशा कोंबल्या जातात. ट्रक दोनशे किलोमीटर गेला की ते सगळं दबून खाली बसतं आणि स्पीकर आत मोकळा हिंदकळायला लागतो.

मी स्पीकर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे अशा प्रवासानंतरचे स्पीकर माझ्या टेबलावर येतात. एक जोडी अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेरून कॅबिनेटला ओरखडासुद्धा नव्हता, ग्रिल जागच्या जागी. उचलताना मात्र आत काहीतरी गडगडलं. वूफरचे (खर्जाचा आवाज काढणारा मोठा शंकू) चारही स्क्रू पार्टिकल बोर्डातून उपटून आले होते, प्रत्येक भोकाभोवती भुशाचा वर्तुळाकार खड्डा पडला होता, आणि चुंबकासकट अख्खा वूफर मागे क्रॉसओव्हरवर (आवाज वाटून देणाऱ्या सर्किटवर) आदळून दोन कपॅसिटरचे पाय तुटले होते. पॅकिंग वाईट होतं असंही नाही. चारही बाजूंनी थर्मोकोल होता, ठासून भरलेला. थर्मोकोल एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. पहिल्या धक्क्याला त्याने काम केलं, दुसऱ्या धक्क्याला तिथे नुसती पोकळी होती. एकदाच वापरायच्या खोक्याला तो ठीक आहे, पण पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या पेटीत त्याला जागा नाही.

जुन्या स्पीकरमध्ये नेमकं काय मोडतं ते कळलं की पेटी कशी हवी ते आपोआप कळतं. सगळ्यात जड भाग चुंबक, आणि तो टांगलेला असतो वूफरच्या फ्रेमवर. फ्रेम ओतीव असेल तर बराच मार सहन करते, पत्र्याची दाबून केलेली असेल तर धक्क्याने किंचित वाकते. तेवढ्या वाकण्याने व्हॉइस कॉइल, म्हणजे शंकू हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या फटीत घासायला लागते. काही स्पीकरमध्ये चुंबक नुसतं चिकटवलेलं असतं. पन्नास वर्षांत तो गोंद कोरडा पडतो, एका जोरदार आपटीत चुंबक मिलिमीटरभर सरकतं आणि कॉइल कायमची अडकते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून पाठवण्याआधी आणि पोचल्यावर, दोन्ही वेळा, शंकूच्या मध्याभोवती चारही बोटांचा सारखा दाब देऊन तो हलकेच आत ढकलून बघा. घासल्याचा बारीकसा जरी आवाज आला तरी अँप्लिफायर जोडू नका. ही तपासणी मोबाइलवर आवाजासकट चित्रित करून ठेवा. पुढे वाद झालाच तर ती उपयोगी पडते.

आता फोम. बाजारात ईपीई फोम नावाने जो पांढरा, किंचित मेणचट फोम मिळतो तो घ्या. ३० किलो प्रति घनमीटरच्या आसपास घनतेचा, ५० मिलिमीटर जाडीचा. गादीचा मऊ फोम नको, पंचवीस किलोच्या कॅबिनेटखाली तो पापडासारखा चपटा होतो. हा फोम किती लावायचा याकडे मात्र फारसं कोणी लक्ष देत नाही. सगळ्यांना वाटतं, तळाला पूर्ण शीट अंथरली म्हणजे झालं, जितका जास्त फोम तितकं संरक्षण जास्त. तसं नसतं. फोम दबला तरच धक्का पचवतो, आणि तो दबण्यासाठी त्याच्यावर पुरेसा भार यावा लागतो. या जाडीच्या ईपीईला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.०५ ते ०.०७ किलो भार मानवतो. एल-१०० चं कॅबिनेट अंदाजे ३६ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल, म्हणजे तळ सुमारे १,२६० चौरस सेंटिमीटर. पूर्ण तळाखाली शीट अंथरली तर पंचवीस किलोचा भार ०.०२ इतकाच पडतो. फोम दबतच नाही, लाकडासारखा वागतो आणि धक्का जसाच्या तसा वूफरपर्यंत जातो. त्याऐवजी चार कोपऱ्यांखाली ११ × ११ सेंटिमीटरचे चार ठोकळे ठेवा. एकूण ४८४ चौरस सेंटिमीटर, भार ०.०५ च्या थोडा वर. फोम निम्म्याहून कमी लागला आणि काम कितीतरी चांगलं झालं. बाजूंना, मागे आणि वरही हाच हिशेब, कारण पेटी आडवी पडली की तीच बाजू तळ होते. पुढच्या बाजूला ठोकळे फक्त कॅबिनेटच्या कडांवर टेकले पाहिजेत, ग्रिलवर किंवा शंकूवर नाही.

तुम्ही सांगितलेल्या दोन मॉडेलांचं एक बरं आहे. एल-१०० आली १९७० मध्ये आणि एआर-३ए १९६७ मध्ये, कंपन्या वेगळ्या, विचारही वेगळे, पण कॅबिनेटची मापं जवळजवळ सारखी. एल-१०० साधारण ६० × ३६ × ३५ सेंटिमीटर, एआर-३ए साधारण ६३.५ × ३५.५ × २९. वजनंही पंचवीस किलोच्या आसपास. म्हणजे एकाच पेटीत दोन्ही बसतात. फरक पडतो तो खोलीत, सहा सेंटिमीटरचा. तो भरून काढायला एआरवाल्याने आपल्या मागच्या ठोकळ्यांखाली तेवढ्या जाडीची प्लायची पट्टी किंवा चौकट लावायची, जादा फोम नाही. उंचीतला फरकही तसाच, वरच्या ठोकळ्यांपाशी सोडवायचा. हे ठोकळे चौकटीवर कायमचे चिकटवून टाका आणि चौकटीवर स्पीकरचं नाव, 'डावा', 'उजवा', 'वर' असं ठळक लिहा. ही चौकट त्या जोडीची मालमत्ता. जोडी विकली गेली तर चौकट नव्या मालकाकडे राहते आणि पेटी एकटी पुढच्या गावी जाते.

जोडी एका पेटीत की दोन वेगळ्या? मी एका पेटीत म्हणेन. एकेक स्पीकर वेगळा बांधला तर खोकं होतं पस्तीस-चाळीस किलोचं, आणि हे वजन सगळ्यात धोक्याचं. एका माणसाला ते कसंबसं उचलता येतं, म्हणून तो ते उचलतो, आणि ट्रकच्या फाळक्यावरून खाली सोडतो. पंचाऐंशी किलोची पेटी कोणी एकटा उचलत नाही. तिला दोन माणसं किंवा ट्रॉली लागते. मात्र ती बुटकी आणि रुंद हवी. उंच पेटी हमाल एका कोपऱ्यावर तिरकी करून, गोल फिरवत, पलटी मारत नेतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. धरायला जागाच ठेवली नसेल तर दुसरं करणार काय? दोन्ही टोकांना दोन-दोन लोखंडी पडती कडी लावा, बोल्टने आरपार. तळाला तीन आडवी लाकडं अशी ठेवा की हातपॅलेटचे (गोडाऊनमधल्या माल उचलायच्या हातगाडीचे) दात खाली जातील. हात घालायला प्लायमध्ये भोकं पाडू नका. पावसाळ्यात त्यातून पाणी जातं आणि गोडाऊनमध्ये उंदीर.

मापाचा हिशेब असा येतो. दोन कॅबिनेट शेजारी शेजारी, मध्ये प्लायचा पडदा, सगळीकडे पाच सेंटिमीटर फोम. बाहेरून पेटी, कडांच्या पट्ट्या सोडून, सुमारे ९६ सेंटिमीटर लांब, ४८ खोल आणि तळाच्या लाकडांसकट ८५ उंच होते. प्लाय १२ मिलिमीटरचा, बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० वाला. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत कडांनी फुगतो आणि मग बोल्टची भोकं जुळेनाशी होतात. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये सहाही फळ्या बसत नाहीत, उरलेली फळी आणि मधला पडदा दुसऱ्या शीटच्या तुकड्यातून काढा. कडांना पाइनच्या पट्ट्या, त्या बाहेरच्या अंगाने. सगळं मिळून रिकाम्या पेटीचं वजन पस्तीस किलोच्या आसपास जाईल.

जोडणी खिळ्यांची नको, स्क्रूचीही नको. प्लायच्या कडेत घातलेला स्क्रू तिसऱ्या-चौथ्या वेळी पकड सोडतो. पट्ट्यांमध्ये टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) ठोकून घ्या आणि एम-८ चे बोल्ट वापरा. एम-८ ला १३ नंबरचा पाना लागतो, तो कुठल्याही घरात किंवा शेजारच्या गॅरेजमध्ये सापडतो. ॲलन की लागणारे बोल्ट दिसायला छान, पण बाराशे किलोमीटरवर पेटी उघडायला बसलेल्या माणसाकडे नेमकी ती की नसते. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं सामान एका फेरीत मिळतं. बोल्ट सगळे एकाच लांबीचे घ्या, पाच-सहा जादा घ्या, आणि सुटे बोल्ट ठेवायला पेटीच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याची झाकणाची डबी बसवा.

पेटी अशी सहा फळ्यांची केली की दोन फायदे होतात. पहिला, स्पीकर वरून आत उतरवावे लागत नाहीत. पंचवीस किलोचं कॅबिनेट पाऊण मीटर खोल खोक्यात सोडताना बोटं अडकतात, कोपरे घासतात, जुना व्हिनीअर टवके उडून निघतो. त्यापेक्षा तळफळी जमिनीवर ठेवा, तिच्यावर चौकट आणि ठोकळे, त्यावर स्पीकर, मग मागची फळी, बाजूच्या फळ्या, पुढची आणि शेवटी झाकण. पेटीत स्पीकर घालायचा नाही, स्पीकरभोवती पेटी उभी करायची. उघडतानाही आधी झाकण आणि पुढची फळी काढली की बैठक कशी आहे ते समोर दिसतं आणि फोटो काढता येतो.

दुसरा फायदा तुमच्या परत पाठवण्याच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. ट्रान्सपोर्टवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर भाडं लावतात. रस्त्याच्या मालाला बहुतेक ठिकाणी घनफूट मोजतात, म्हणजे सीएफटी, आणि दर सीएफटीला सहा, आठ किंवा दहा किलो धरतात. आकडा ट्रान्सपोर्टवाल्यागणिक बदलतो, तो बुकिंगआधी विचाराच. वरच्या मापाची उभी पेटी होते सुमारे १४ सीएफटी. आठने धरलं तर ११२ किलोचं भाडं, भरलेली असो वा रिकामी. रिकामी पेटी उभीच परत पाठवली तर तुम्ही हवेचं भाडं भरताय. फळ्या सुट्या करून एकावर एक रचून दोन पट्टे मारले की गठ्ठा सात सीएफटीच्या आसपास येतो, म्हणजे साधारण पंचावन्न किलो. निम्मा खर्च वाचला. शिवाय एवढा गठ्ठा खासगी बसच्या डिकीत जातो, पुणे-बेंगळुरू किंवा पुणे-हैदराबादसाठी तो सोपा मार्ग आहे. विमानाच्या कुरिअरचा विचार या पेटीसाठी करू नका. तिथे लांबी-रुंदी-उंचीच्या सेंटिमीटरच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात, आणि त्या भागाकाराने या पेटीचं वजन ७८ किलो येतं, पण प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त आणि दर रस्त्याच्या कित्येक पट.

तरीही माझा सल्ला असा की पेटी 'घरी' परत पाठवायचीच नाही. जिथे पोचली तिथे सुटी करून ठेवायची. गठ्ठा पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर उंच होतो, दिवाणाखाली किंवा माळ्यावर मावतो. ज्याला पुढे लागेल त्याने ती स्वतःच्या खर्चाने मागवायची. यात एक गोष्ट आपोआप साधते. जिथून नुकती एक जोडी आली, तिथूनच पुढची जोडी निघणार असेल, आणि अदलाबदलीत तसं हमखास होतं, तर रिकामा प्रवास शून्य. पेटी कोणाची? पाचही जणांची, बांधणीचा खर्च सारखा वाटून. आणि प्रत्येक भरलेल्या फेरीला एक ठरलेली लहान रक्कम दुरुस्तीच्या डब्यात. फोम, बोल्ट, एखादी फळी यातून बदलायची. फोमची जाडी पट्टीने मोजत जा. ५० चा ४५ झाला की ठोकळा बदला, नुसता डोळ्यांना तो चांगला दिसतो म्हणून ठेवू नका.

पेटी ठेवणाऱ्याचं एक काम मात्र सक्तीचं असावं: आलेल्या पेटीवरचं जुनं लेबल, जुना एलआर (बिल्टीचा) नंबर, मार्करने लिहिलेलं गाव, सगळं त्याच दिवशी खरवडून काढायचं. फिरत्या पेट्या चुकीच्या गावी जातात त्या यामुळेच. गोडाऊनमध्ये कामगार जे लेबल आधी दिसेल ते वाचतो. झाकणावर आणि एका बाजूला काळ्या रंगाची चौकोनी पाटी रंगवा, खडूने किंवा पुसता येणाऱ्या कागदावर पत्ता फक्त तिथेच. बाकी पेटी भडक नारिंगी रंगवा. शेकडो तपकिरी खोक्यांत ती लांबून ओळखू येते, आणि फोनवर 'नारिंगी पेटी' एवढं सांगितलं तरी समोरच्याला सापडते.

आता कागद. बिल्टीवर, म्हणजे एलआरवर, बहुतेक वेळा 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम मालकाची, असा शिक्का असतो. तो न वाचता सही करू नका. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालचे जे २०११ चे नियम आहेत, त्यांत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. तीन हजार भाडं दिलं असेल तर फार तर तीस हजार. जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखीम घ्यायला लावायची तर तसं आधी लेखी ठरवावं लागतं. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यायची असते, पण तुम्ही इतकं थांबू नका. पेटीवर नवा फटका दिसला तर ताबा घेतानाच पावतीवर तसा शेरा लिहा आणि मग सही करा. महाग जोडीला ट्रान्झिट विमा वेगळा घ्या, आणि घेताना पॅकिंगचे फोटो जोडा. जुन्या वस्तूच्या किमतीवरून पुढे घासाघीस होते, म्हणून किंमत कशी धरली ते आधीच कागदावर असू द्या. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं, वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे. तरी वाटेतल्या तपासणीसाठी 'वापरलेले घरगुती स्पीकर' असं लिहिलेलं सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत ड्रायव्हरकडे जाईल असं बघा.

मोडतोड झाली तर आपसात कोण भरणार, हे पेटी बांधण्याआधी ठरवा, नंतर मैत्रीत कडवटपणा येतो. माझ्या मते न्याय्य वाटणी अशी. स्पीकर आत हलला, घासला, आपल्याच चौकटीवर आपटला, तर ज्याने बांधला त्याची जबाबदारी, कारण बैठक त्याची आहे. पेटीची फळी फुटली, कडी निघाली, तर डब्यातून. आणि पेटी शाबूत, बैठक शाबूत, फोटोही नीट, तरीही आत चुंबक सरकलं, तर ती त्या स्पीकरच्या वयाची जोखीम. ती मालकाने सोसायची. पेटीवर धक्का दाखवणारं लेबल लावा, ५० जीचं (गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पट धक्क्याचं) लाल असतं. त्यावरून भरपाई मिळेल अशी आशा नको, पण ते लाल झालेलं दिसलं की घेणारा स्पीकर जोडण्याआधी नीट तपासतो.

बांधण्याआधी स्पीकरची थोडी तयारी करायची असते. स्पीकरच्या मागच्या दोन टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा लावून शॉर्ट करा. शंकू हलला की कॉइलमध्ये वीज तयार होते, शॉर्टमुळे तीच वीज हालचालीला विरोध करते आणि शंकू वाटेत कमी फडफडतो. त्या तारेला लांब लाल फीत बांधा आणि घेणाऱ्याला फोन करून सांगा, कारण ती तशीच ठेवून अँप्लिफायर लावला तर अँप्लिफायरचं आउटपुट उडू शकतं. एल-१०० ची फोमची ग्रिल मूळची असेल तर हात लावताच भुगा होते. ती काढून वेगळ्या कडक खोक्यात द्या. एआर-३ए च्या वूफरची फोमची कडा जुनी असेल तर ती प्रवासात फाटणारच, असं धरूनच चला. बदलायची असेल तर ती पोचल्यावर बदला, आधी नको. कॅबिनेटला प्लास्टिकचा ताणून गुंडाळायचा कागद थेट लावू नका. उन्हात ट्रकच्या पत्र्याखाली तो पॉलिशला चिकटतो, आणि ईपीईचाही लॅकरवर जाळीदार डाग उमटतो. आधी धुतलेली जुनी सुती चादर, मग बाकीचं. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पिशव्या टाका, आणि पावसात भिजून आलेली पेटी घरात एक रात्र तशीच राहू द्या.

मार्ग निवडताना एकच प्रश्न विचारा: माल वाटेत किती वेळा उतरवणार? किलोमीटरने स्पीकर मोडत नाहीत, चढ-उताराने मोडतात. पुण्याहून कोलकात्याला जाणारा पार्सलचा माल मधल्या गोडाऊनमध्ये गाडी बदलत असेल, तर थेट गाडी असलेला ट्रान्सपोर्टवाला दोन दिवस उशिरा निघाला तरी तोच घ्या. रेल्वे पार्सल करायचं तर गाडी जिथून सुटते तिथून, जिथे संपते तिथपर्यंत. मधल्या स्टेशनवर गाडी काही मिनिटं थांबते आणि तेवढ्यात सगळं फलाटावर ढकललं जातं.

क्वाडवाल्या मित्राला या योजनेतून सन्मानाने बाजूला ठेवा. पहिला क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ चा. पसरट, सुमारे ८८ सेंटिमीटर रुंद, ७९ उंच आणि २७ खोल, आणि वजनाला मात्र हलका. आत अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला असतो. त्याला जड चुंबकाचा त्रास नाही, त्याला त्रास आहे तो चौकट पिळवटण्याचा आणि जाळीवर दाब येण्याचा. वरचे सगळे फोमचे आकडे त्याला चुकीचे ठरतात. त्याच्यासाठी प्रत्येकी एक, उभीच राहील अशी पेटी वेगळी. आत सहा हजार व्होल्टपर्यंतचा पुरवठा असतो, म्हणून प्लग काढून तो काही दिवस तसाच राहू द्या आणि मगच बांधायला घ्या. हाच नियम दुसऱ्या टोकाला, थिएटरच्या पडद्यामागून निघालेल्या आल्टेक व्हॉइस ऑफ द थिएटरसारख्या धुडाला. त्यातल्या ए-७ मॉडेलचं कॅबिनेटच १०७ × ७६ × ६१ सेंटिमीटर भरतं. तिथे ड्रायव्हर (चुंबकासकट आवाज काढणारा भाग) आणि हॉर्न काढून वेगळे बांधायचे आणि कॅबिनेट गाद्या लावून फर्निचर म्हणून पाठवायचं. आल्टेक ६०४ सारखा सुमारे पंधरा किलोचा ड्रायव्हर कॅबिनेटमध्ये ठेवून कधीच पाठवू नये, पेटी कितीही चांगली असो.

पुढेमागे ही पेटी दुबईला किंवा अमेरिकेला जाण्याची शक्यता असेल तर आत्ताच एक करा. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅकिंगला आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, किंवा त्याला मान्यताप्राप्त धुरी दिलेली असावी लागते. प्लायला याची गरज नाही, पण पाइनच्या पट्ट्यांना आणि खालच्या लाकडांना आहे. शिक्का असलेलंच लाकूड घ्या, आणि पुढे दुरुस्तीत साधी पट्टी ठोकू नका, नाहीतर सगळी पेटी पुन्हा प्रक्रियेला द्यावी लागेल. देशातच फिरणार असेल तर हा खर्च करू नका.

सुताराकडे जाण्याआधी प्रत्येकाने आपल्या जोडीची मापं घेऊन एका कागदावर आणा: उंची, रुंदी, खोली, काट्यावर मोजलेलं वजन, पाय कुठे आहेत, मागची टर्मिनलं किती बाहेर येतात, आणि वूफरची कडा पुढच्या फळीच्या किती पुढे आहे. ही शेवटची दोन मापं सगळे विसरतात, आणि ठोकळा नेमका तिथेच येतो. मापं मला दिलीत तर शीटवरची कापणी आणि प्रत्येकाच्या चौकटीचं रेखाटन मी काढून देईन. पहिली फेरी जवळची ठेवा, पुणे ते नाशिक, कमी मोलाच्या जोडीची. पोचल्यावर ठोकळे कुठे दबले आहेत ते बघून चौकटी पक्क्या करू, आणि मगच कोलकात्याचं बुकिंग करा.